साहेब चालले तेव्हा दांडा पडला नाही

साखर कारखान्याच्या फाटकावर आपोआप उघडझाप करणारा दांडा बसला आणि फाटक सांभाळणाऱ्या हैबतीनानांच्या मागं शुक्लकाष्ठ लागलं. उसाचा ट्रॅक्टर पुढं गेला, की दांडा मागच्या ट्रॉलीवर आदळायचा.

"मशीन चुकत नाही. तुम्हीच बटण दाबता," कारखान्याचे व्यवस्थापक रांगणेकर साहेब गरजले. "आणखी एकदा पडला तर घरी बसा!"

नाना वादाला गेले नाहीत. चार दिवस त्यांनी नुसतं निरखलं होतं. रस्त्याकडेला दांड्याचा सेन्सर, म्हणजे त्याचा डोळा होता. त्याच्यापुढं ट्रॅक्टर आणि ट्रॉलीमधली मोकळी फट आली, की त्याला वाटायचं, गाडी गेली.

"साहेब, ट्रॅक्टर-ट्रॉलीमधल्या फटीच्या बाजूनं तुम्ही ट्रॅक्टरबरोबर चालत या. मी बटणापासून लांब थांबतो."

साहेब ऐटीत चालत आले. दांडा वरच राहिला.

"बघा! कुठाय बिघाड?"

"कुठंच नाही, साहेब. तुम्ही आडवे आलात, की बेस चालतंय. आता हंगामभर प्रत्येक ट्रॉलीपुढं असंच चाला. नाहीतर फटीत उसाची मोळी उभी बांधू. तीपण एवढंच काम करती."

ड्रायव्हर लोक हसू दाबत राहिले. साहेबांनी मुकाट्यानं मोळी मागवली.