समईने फोनला सांगितलेली गोष्ट

फार जुनी नाही, परवापरवाची गोष्ट. कुमुदकाकूंच्या देवघराशेजारी एक फोन राहत होता. काकूंचं सोमवारचं व्रत होतं. कहाणी कुणी ऐकल्याशिवाय त्या उपास सोडत नसत, आणि ऐकणारी लेक परदेशी. ती फोनमधूनच हुंकार द्यायची.

एका सोमवारी फोन अपडेट होऊन नव्या थाटात वायफायच्या डबीला म्हणाला, “उघड गं, मी आलो!”

“पासवर्ड चुकतोय, बाबा.”

“तीन वर्षांची ओळख, आणि मलाच अडवतेस?” अपडेटच्या गडबडीत आपलीच आठवण बिघडलीय, हे त्याच्या गावीही नव्हतं. दिवेलागण झाली, काकू उपाशीच.

समई म्हणाली, “अरे, मी देवापुढची, तरी रोज घासून घेते. कालच्या काजळीवर आजची वात नीट जळत नाही. जुनं विसर, नव्याने विचार.”

फोनला जड गेलं. पण काकूंचं सुकलेलं तोंड पाहून त्याने जुनी ओळख पुसली आणि पडद्यावर नम्रपणे पासवर्ड विचारला. काकूंनी चष्मा लावून एकेक अक्षर घातलं.

“ये रे राजा,” डबी म्हणाली.

लेक दिसली. “आई, अजून जेवली नाहीस?”

“तू ऐकल्याशिवाय कशी जेवू गं?”

कहाणी संपली. देवाला गंध लावून काकूंनी तेच बोट हळूच फोनच्या कपाळीही टेकवलं.