शेठजींचा अंगठा

एका गावाच्या माळावर एक कारखाना होता. तिथे गाड्यांच्या ब्रेकचे लोखंडी भाग तयार होत. मुलामा चढवण्याआधी ते भाग धुवायचे काम हौसाबाईचे. आधी साबणाच्या गरम पाण्याची टाकी, मग तेजाबाची, शेवटी स्वच्छ पाण्याची. हातमोजे घालून ती एकेक भाग बुडवी आणि शेवटी बाहेर काढून उजेडात धरी. पाणी त्याच्या अंगभर सलग पसरले तर भाग स्वच्छ. कुठे फाटून थेंब थेंब झाले तर तिथे तेलकटपणा उरलेला. तिथला मुलामा पुढे सुटणार, गंज धरणार आणि ब्रेक ऐनवेळी दगा देणार. लोक म्हणत, "धुणंच तर आहे!" हौसाबाई मात्र टाक्यांपाशी ठाणेदाराच्या तोऱ्यात उभी असे.

एकदा एक मोठे गिऱ्हाईक कारखाना पाहायला आले. मालक अनंतशेठांनी सगळ्यांना आधीच बजावले होते, "पाहुण्यांसमोर जो तोंड उघडेल, त्याने उद्यापासून घरी बसायचं."

पाहुण्यांबरोबर गरमागरम भजी खाऊन शेठजी टाक्यांपाशी आले. तेलकट हात नुसता रुमालाला पुसला होता, एवढेच. त्यांनी नुकताच धुतलेला एक भाग उचलला. "बघा, आरसा आहे आरसा!" म्हणत तो परत धुतलेल्या भागांच्या टोपलीत टाकला.

हौसाबाईने ते पाहिले. गप्प राहिली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. बोलली तर तिच्या एकटीच्या मजुरीवर चालणारी चूल विझणार होती. पण तो ब्रेक कुणाच्या तरी गाडीला लागणार होता. ती पुढे झाली.

"शेठ, हात लागला. ह्यो परत धुवाया लागंल."

शेठजी लालबुंद झाले. "अगं, हात माझा आहे!"

"व्हय की. पण लोखंडाला मालक वळखाय येत न्हाई."

तिने तो भाग पाण्यात बुडवून उजेडात धरला. पाणी छान सलग पसरले. फक्त मधोमध, अंगठ्याएवढ्या जागेत, ते फाटले. पाहुण्यांनी वाकून ती जागा निरखून पाहिली.

"या बाई रोज इथे असतात?" त्यांनी विचारले.

"असतात," शेठजी हळूच म्हणाले.

"मग आमचं काम तुमच्याकडेच."

शेठजींनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. हौसाबाईने तो भाग पहिल्या टाकीत सोडला आणि पुन्हा धुवायला घेतला. तिची मान त्या दिवशी जी ताठ होती, ती पाहून सगळ्या कारखान्याची छाती फुगली.

तात्पर्य: ज्याला आपल्या कामाचा खरा अभिमान असतो, तो मालकाच्या हाताने पडलेल्या डागालाही डागच म्हणतो.