ठमाबाईचा सा

“कोणीतरी बेसूर गातंय, हे सांगून सांगून माझा घसा बसला, पण एका मेल्याचा विश्वास बसेल तर शपथ!” ठमाबाई म्हैस करवादली.

जनावरं मिळून भजन करत, त्या काळची ही गोष्ट. त्या बेसूर आवाजानं बाईचं रवंथ बिघडलं होतं. चारा पोटातून वर यायलाच तयार नव्हता, आणि रवंथ नाही ती म्हैस कसली? मग तिनंच निवाडा केला. बेडकाला घागरीत कोंडलं, रातकिड्यावर टोपली पालथी घातली, शेळीच्या तोंडात कडबा कोंबला. तरी भजनात तो आवाज होताच.

शेवटी ती खेकडेबुवांकडे गेली. बुवा चालायचे तिरके, पण गायचे सरळ.

“बुवा, गाणं शिकवा. मला चोर पकडायचाय.”

“पकड की! आधी डबक्यात कान बुडेपर्यंत बस आणि नुसता सा लाव.”

“मी काय वासरू आहे?”

“वासराला जमतं. तुझं बघू.”

ठमाबाई रागारागानं रोज बसू लागली. कान पाण्यात, नाक वर. बाहेरचं काही ऐकू येईना, पण तो मेला आवाज मात्र येतच राहिला. एके सकाळी दम लागला म्हणून ती थांबली, तर आवाजही थांबला. तिनं सा लावला, तोही आला. ती गप्प, तोही गप्प. बाई तशीच बसून राहिली, आणि पोटातला चारा हळूच वर आला.

बाहेर येऊन तिनं सगळ्यांना सोडवलं.

“सापडला का गं चोर?” शेळी कडबा थुंकत ओरडली. “नाव सांग, शिंगावर घेते मेल्याला!”

म्हशीनं मान खाली घातली आणि सुरात सांगितलं, “ठमाबाई.”