तांबट आळीचा ठोका

फार पूर्वी, शहराला वेस होती आणि दिवेलागणीला वेशीची दारं बंद होत, त्या काळची ही गोष्ट. त्या शहरात एक तांबट आळी होती. सकाळी तोंडं धुऊन होतायत न होतायत तोच घराघराच्या ओट्यावर हातोड्या सुरू होत. कुणी घागर मठारतोय, कुणी परातीचा काठ वळवतोय. परका माणूस आळीत शिरला तर त्याच्या कानठळ्या बसत. पण आळीतल्या तान्ह्या पोरांना त्या ठणठणाटातच झोप लागे. हातोड्या थांबल्या, की ती दचकून जागी होत.

त्या आळीत म्हाळसाकाकू नावाची एक म्हातारी राहायची. नवऱ्यामागे चिंच आणि राख लावून भांडी उजळायची, त्यावरच तिने लेकाला वाढवलं. आता लेक हाताशी आला होता. देवळासाठी मोठं घंगाळ घडवायचं काम त्याच्याकडे आलं होतं.

एक दिवस आळीत चोरी झाली. एका घरातली लेकीच्या लग्नासाठी जमवलेली भांडी गेली. आळीने हायच खाल्ली. ओट्यावरच्या हातोड्या उचलल्या, माजघरात नेल्या आणि दारं आतून लावून घेतली. लोहाराकडून घरोघरी ही एवढाली कुलपं आली.

पण गंमत बघा, जसजशी कुलपं वाढली तसतशा चोऱ्याही वाढल्या. आणि त्याही भर दिवसा. कोतवालाने दोन शिपाई दिले. ते नाक्यावरच्या वडाखाली बसले. ऊन सरकलं की तेही सरकत, एवढाच काय तो त्यांचा पहारा. मग लोक एकमेकांकडेच संशयाने पाहू लागले. विरजण मागायला गेलं, तर शेजारीण दाराच्या फटीतून वाटी पुढे करी. दोन घरं तर आळी सोडूनच गेली.

लेक म्हणाला, "आई, संक्रांत झाली की आपणही निघू. बायकोच्या माहेरी जागा बघून ठेवलीय."

"आणि तिथे चोर आले म्हणजे?"

"तिथून पुढे बघू."

"बाबा रे, चोराच्या आधी आपणच पळत सुटायचं, तर मग थांबायचं कुठे?"

 गाडीवर सामान बांधायचे दोर लेकाने आधीच खुंटीला आणून लावले होते. ते पाहिले, की काकू दाराच्या फटीतून ओट्याकडे बघत राही. याच ओट्यावर तिच्या नवऱ्याने शेवटची घागर घडवली होती.

एके दुपारी शेजारचं जोडपं बाजाराला गेलं. परत येऊन बघतात तर मागचं दार फोडलेलं आणि घर धुऊन नेलेलं. शेजारीण डोक्याला हात लावून बसली. काकू तिच्यापाशी गेली आणि खाली मान घालून म्हणाली, "अगं, मी भिंतीला पाठ लावूनच बसले होते. ठोके ऐकले मी. मला वाटलं, तुझा नवरा घागर ठोकतोय."

समोरचा म्हातारा म्हणाला, "ऐकले तर मीही. मला वाटलं, तुझा लेक."

लेक म्हणाला, "मला वाटलं, तुम्हीच."

एव्हाना सगळी आळी तिथे गोळा झाली होती. सगळ्यांनी चोर ऐकला होता, आणि सगळ्यांनी त्याला शेजारी समजून सोडून दिलं होतं.

काकूने पदर खोचला. "उद्यापासून कामं ओट्यावर. अनोळखी माणूस बोळात वळताना ज्याला दिसेल, त्याने हातोडी थांबवायची. शेजारची थांबली, की आपलीही थांबवायची."

म्हातारा हसला. "वहिनी, चोराला पकडायला लोक थाळ्या बडवतात. तुम्ही गप्प बसून पकडणार?"

"थाळ्या तर आपण रोजच बडवतो, भावजी. चोराने कधी कान तरी टवकारला का?"

दुसऱ्या दिवशी काकू एकटीच ओट्यावर बसली. चिंचेचा गोळा घेतला आणि तांब्या घासू लागली. दारांच्या फटींतून लोक बघत होते. "म्हातारीला चोराची वाट बघायची हौस आलीय," असं कुणीतरी म्हणालंही. काकूने तांब्या असा लखलखवला, की उन्हाचा कवडसा त्याच माणसाच्या दारात जाऊन पडला.

मग शेजारीण सूप घेऊन तिच्याशेजारी येऊन बसली. तिला पाहून समोरच्या म्हाताऱ्याने कडी काढली. "आत मेलं दिसत काही नाही," असं म्हणत त्याने हातोडी बाहेर आणली. हळूहळू ओटे भरले. सगळ्यात शेवटी काकूचा लेक आला, तोही धुसफुसतच. घंगाळाचं काम नाजूक. ठोक्यांची ओळ मध्येच तुटली, तर घंगाळावर कायमचा डाग राहतो.

काही दिवस असेच गेले. मग एका दुपारी एक कल्हईवाला आळीत आला. खांद्यावर झोळी, हातात हातोडी. पण कल्हईवाला म्हटला की आधी आरोळी देणार. हा गुपचूप एका बंद घराच्या बोळात वळला. घरची माणसं नदीवर गेली होती.

काकूने लेकाच्या मनगटावर हात ठेवला. "थांब."

"आई, शेवटची ओळ आहे. देवाचं काम."

"आणि ते घर कुणाचं आहे?"

लेकाने घंगाळाकडे पाहिलं, बोळाकडे पाहिलं. हातोडी हवेतच राहिली. समोरच्या म्हाताऱ्याची थांबली. मग त्याच्या शेजाऱ्याची, मग त्यापुढची. बघता बघता आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं शांत झालं. घराघरांतली पोरं जागी होऊन रडू लागली.

आणि बंद घरामागून आवाज आला. ठण्. ठण्.

आणखी एक ठोका बसला, आणि मग तो आवाजही थांबला. पण तोवर उशीर झाला होता. चोराने वर पाहिलं तर बोळाच्या दोन्ही तोंडांना सगळी आळी उभी, प्रत्येकाच्या हातात हातोडी.

म्हातारा म्हणाला, "का हो पाहुणे, थांबलात का? चालू द्या की."

चोराच्या हातून हातोडी गळून पडली. "तुमच्या आवाजाच्या पांघरुणाखाली मी आजवर निवांत होतो," तो म्हणाला. "तुम्ही दारं लावून घेतलीत, तेव्हा आळीत मी एकटाच मोकळा उरलो."

गलका ऐकून शिपाई धावत आले, डोळे चोळत. त्यांच्या हाती चोर दिला. त्याच्या खोपटातून साऱ्या आळीची भांडी निघाली, ती लोकांनी वाजतगाजत घरी आणली. गेलेली दोन्ही घरं परत आली. लेकाने खुंटीवरचे दोर काढले आणि त्यांचा आपल्या चिमुकल्या लेकीसाठी झोपाळा बांधला.

घंगाळावर मात्र डाग राहिला. लेक तो ठोकून लपवायला निघाला, तर पुजारीबुवांनी त्याचा हात धरला. म्हणाले, "राहू दे. देवाला कळू दे, काम कशासाठी थांबलं होतं."

तेव्हापासून आळीतली दारं दिवसभर सताड उघडी असत, आणि चोर त्या रस्त्याने फिरकतही नसत.

तात्पर्य काय, तर कुलूप राखतं एक घर; सगळी आळी राखायची असेल, तर ज्याने त्याने ओट्यावर यावं आणि शेजाऱ्यासाठी आपला हात क्षणभर थांबवावा.