कुंचीचा माळ

माळाची चढण संपली की समोर कुंची घातलेला दगड दिसतो. उंचीला रांगत्या पोराएवढा. नवख्या माणसाला वाटतं, कुणाचं लेकरू इथं विसरून राहिलं. पाहुणे जवळ सरकले की गावातल्या म्हाताऱ्या कोंडाबाई आधी दटावतात, "हात नगा लावू त्याला," आणि मग सांगायला बसतात.

विलायतेच्या राणीच्या राज्यात इथं मायाप्पा धनगराचं बिऱ्हाड होतं म्हणे. मुलगा अर्धा कळप घेऊन कोकणाच्या तोंडाला गेलेला. घरी मायाप्पा, उरलेली मेंढरं आणि सून गवरा. गवराचं पहिलं लेकरू अडीच महिन्यांचं होऊन दगावलं. त्याची कुंची खुंटीला लटकत राहिली. गवराचं दूध काही आटेना, चोळी भिजून जाई.

त्याच आठवड्यात डोंगर मोजायला आलेल्या गोऱ्या साहेबाची बायको तंबूत बाळंत होऊन वारली. पोर भुकेनं टाहो फोडत होतं. साहेबाचा शिपाई मायाप्पाकडे आला. मायाप्पानं अट घातली, डोंगर मेंढरांना मोकळा ठेवा, सून पाजील. साहेबानं शब्द दिला. गवराला कुणी विचारलंच नाही. पोर आणलं तेव्हा ती भिंतीकडे तोंड करून बसली.

आता धनगरांची एक रीत होती. मेंढीचं कोकरू मेलं की त्याचं कातडं पोरक्या कोकराला पांघरायचं. वासाला भुलून मेंढी त्याला पाजते. मायाप्पानं खुंटीवरची कुंची काढली, गोऱ्या पोराला घातली आणि ते सुनेच्या ओटीत ठेवलं.

"मेंढी काय नि बाई काय," तो शिपायाकडे बघून हसला, "वासाला भुलतीच."

गवरानं पोर पदराखाली घेतलं. म्हणाली, "मामा, मेंढीला समदं कळतं. कोकरू उपाशी असतं, म्हणून ती गप ऱ्हाती."

सासऱ्याशी ती बोलली ते एवढं शेवटचं, असं सांगतात. पुढं तो मरेपर्यंत तिनं त्याला भाकरी वाढली, पण मुक्यानं.

पोर वर्षाचं झालं, तिला 'आय' म्हणू लागलं. मग साहेबाची बदली झाली. एका सकाळी गाडी जुंपली, पोर गेलं. शिपाई कुंची तेवढी परत देऊन गेला, साबणानं स्वच्छ धुतलेली. गवरानं ती नाकाशी धरली. तिच्या लेकराचा वास नव्हता, आणि त्या लेकराचाही नव्हता.

आठ दिवसांत डोंगराच्या हद्दीवर चुना फासलेले दगड उभे राहिले. चराई बंद. मायाप्पा साहेबाचा शब्द सांगत दारोदार हिंडला. नवा साहेब म्हणाला, कुठला शब्द?

गवरा माळावर आली. हद्दीच्या पहिल्या दगडाला तिनं ती कुंची घातली, नीट बंद बांधले.

"वर्षभर पाजलं," ती दगडाला म्हणाली, "ते तुलाच की रं."

दगडावरची कुंची विरली की इथल्या बाया नवी शिवून घालतात. आजही इथले धनगर पोरक्या कोकराला कातडं पांघरत नाहीत. घरातली बाई कोकरू उघडंच मेंढीपुढं धरते आणि तिच्या कानात सांगते, "तुजं न्हाई बाई, पर उपाशी हाय." एखादी पाजते. एखादी लाथ मारते. लाथ मारणाऱ्या मेंढीवर या माळावर कुणी काठी उगारत नाही.