जवादी बोक्याची सुगंधी गोळी

बिळाला पुढे एक आणि मागे एक दार ठेवायची रीत होती, त्या काळची गोष्ट. जवादी बोका दारोदार सुगंधी गोळ्या विकू लागला. "बिळातली हवा शुद्ध करून घ्या!" घुशीने एक गोळी घेतली आणि एवढा छान वास बाहेर जाऊ नये म्हणून मागचं दार मातीने लिंपून टाकलं. चारच दिवसांत तिची पिल्लं धापा टाकू लागली.

"आता मोठी गोळी ठेवा, घूसताई," बोका म्हणाला.

तेवढ्यात शेजारची काटेरी साळू आली. "बोकोबा, तुमच्या पिल्लांना कुठली गोळी हो?"

"आमच्याकडे कशाला गोळी?" बोका ऐटीत म्हणाला. "आमचं मागचं दार सताड उघडं असतं."

घुशीने गोळी त्याच्यापुढे ठेवली आणि मागची माती उकरायला घेतली.