गाभ्यावरचा चौथा हात

कोणत्या राजाच्या काळात ते विचारू नका, त्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. पण फार फार पूर्वी, रानाच्या काठी एका गावात घंटा ओतणारे चार कारागीर राहत होते. त्यांत सर्वांत वडील होते तात्या आणि सर्वांत हुशार होता केरू. आपण हुशार आहोत हे केरूला जरा जास्तच ठाऊक होतं.

त्यांची एक रीत होती. घंटेचा मातीचा गाभा तयार झाला की चौघे त्याभोवती बसत आणि ज्याला जे वाटेल ते बोलत. निर्णय झाला की चौघेही गाभ्यावर हात ठेवत. मगच काम पुढे जाई.

एकदा गावाला नवी घंटा हवी होती, संध्याकाळी रानात गेलेल्यांना घरी बोलावणारी.

"काठ जाड ठेवू या," केरू म्हणाला. "पातळ काठ तडकेल."

"पण जाड घंटेचा आवाज आतल्या रानात पोचायचा नाही," बाकीचे म्हणाले.

बराच वेळ वाद झाला. शेवटी पातळ काठ ठरला. तिघांनी गाभ्यावर हात ठेवले. केरूचा हात मांडीवरच राहिला.

"मला पटलेलं नाही. खोटा हात मी ठेवणार नाही. तुमचं तुम्ही ओता!"

असं म्हणून तो तडक उठला आणि नदीपलीकडच्या गावी जाऊन राहिला. वितळलेल्या धातूचा रस ओतायच्या दिवशी तरी येईल, म्हणून तिघे वाटेकडे डोळे लावून बसले. तो आला नाही.

पलीकडे केरू भांडी ओतू लागला. पोटापुरतं काम होतं, पण वाद घालायलासुद्धा कुणी नव्हतं. वारा गावाकडून आला की संध्याकाळी घंटा ऐकू येई. तिचा आवाज बसका होता.

"तडकली! म्हटलं नव्हतं?" सुरुवातीला तो हसायचा. मग हसू ओसरलं. पुढे पुढे तर वारा तिकडून कधी येतो याची तो वाटच पाहू लागला. भट्टीजवळची थट्टा, तात्यांचं ओरडणं, राखेत भाजलेल्या कांद्यावरून होणारी भांडणं, सगळं आठवून त्याचा जीव कासावीस होई. पण परत जायचं तरी कोणत्या तोंडाने?

अशी बरीच वर्षं गेली. एके दिवशी काठी टेकत तात्याच आले. केरूने त्यांना पाणी दिलं आणि इतकी वर्षं ओठांवर असलेला प्रश्न विचारलाच. "तात्या, घंटा तडकली ना?"

"नाही रे. काठ चांगला ठणठणीत आहे. पण रसाने भरलेलं जड भांडं, ती मूस, उचलायला चार माणसं लागतात, आम्ही होतो तीन. ओतता ओतता मध्येच खाली ठेवावी लागली. तेवढ्यात साच्यातला रस थिजला, नंतर ओतलेला त्याला जुळलाच नाही. तिथेच तिचा आवाज अडतो."

केरूची मान खाली गेली. "मग दुसरा कुणी घ्यायचा होता."

"लोकही तेच म्हणाले. माझ्याच्याने तुझी जागा भरवली नाही."

केरूचे डोळे भरून आले. "पण पटलं नसताना हात कसा ठेवणार होतो मी?"

"अरे वेड्या, हात ठेवला म्हणजे पटलं, असं कुणी सांगितलं तुला? माझं तरी कितीदा ऐकलंत तुम्ही पोरांनी? हात ठेवायचा म्हणजे मी उचलायला आहे, एवढंच. हे तुला सांगायचं मात्र आमच्याकडून राहून गेलं."

त्याच दिवशी केरू नदी उतरून गावी आला. घंटा वितळवली, नवा गाभा घडवला, चौघे बसले.

"काठ जाड ठेवू या," केरू पुन्हा म्हणाला आणि आपली कारणं त्याने नीट सांगितली. पुन्हा पातळच काठ ठरला. या वेळी गाभ्यावर पहिला हात केरूचा पडला.

नवी घंटा वाजली, तेव्हा खोल रानातल्या गुराख्यांनीही घराकडे पावलं वळवली. जाड काठाची घंटा कशी वाजली असती, ते कुणालाच कधी कळलं नाही. केरू मात्र रोज संध्याकाळी, घरी असूनही, हातातलं काम थांबवून ती घंटा शेवटपर्यंत ऐकत राही. गेलेली वर्षं काही तिने बोलावून परत येणार नव्हती.

म्हणून, लहानथोरांनो, आपलं मत ठासून मांडावं, पण निर्णय झाल्यावर आपला हात मागे घेऊ नये.